विकायच्या आधी जुन्या घरावर खर्च करावा का? (नेरूळ, टू बीएचके)

पामबीच_पायवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, आज स्वतःच धागा काढतोय.

नेरूळ पूर्वेला आमचा टू बीएचके आहे. १९९८ ची सात मजली इमारत, तिसरा मजला, कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ५८५ चौरस फूट, लिफ्ट आहे, पार्किंग उघडं. २००६ साली १८ लाखांना घेतला होता. मुलगा पुण्यात स्थिरावलाय, आम्ही दोघंही तिकडे जायचं म्हणतोय, तेव्हा वर्षभरात हे घर विकायचंय. आहे त्या अवस्थेत १ कोटी १५ लाखांच्या आसपास येतील असा एजंटचा अंदाज.

ओळखीच्या कंत्राटदाराने साडेनऊ लाखांचं कोटेशन दिलंय. फ्लोअरिंग, मॉड्यूलर किचन, हॉल-बेडरूमला फॉल्स सीलिंग, दोन्ही बाथरूम नवीन, दोन वॉर्डरोब आणि रंग. त्याचं म्हणणं, "साहेब, साडेनऊ घाला आणि वीस वाढवून घ्या." सौ. म्हणतात, आपण राहिलो तेव्हा कडाप्प्याच्या ओट्यावर संसार केला आणि आता परक्यासाठी क्वार्ट्झ बसवायचा?

दुसरं असं की हॉलची बाल्कनी ग्रील आणि स्लायडिंग लावून आत घेतलेली आहे. ती एरियात धरली जाते का? जाणकारांनी सांगावं.

उपवन_चक्कर

वीस वाढवून देणारा कंत्राटदार मलाही हवाय. म्युच्युअल फंड मोडतो लगेच.

कोपरी_कट्टा

ठाणे-नवी मुंबईत रिसेलचीच कामं करतो, वीसेक वर्षं होत आली. धंद्याची गोष्ट असली तरी सरळ सांगतो.

फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं? कार्पेट किती, कितवा मजला, लिफ्ट, पार्किंग, पाणी किती वेळ, स्टेशनला चालत जाता येतं का, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सिडकोची ट्रान्सफर क्लिअर आहे का. टाइल्स कुठल्या कंपनीच्या हे विचारणारा मला अजून भेटायचाय. मग घर बघायला येतात, आणि भाव कुठून सुरू होतो? तुमच्याच इमारतीत शेवटचा फ्लॅट कितीला गेला तिथून. पूर्वी हे एजंटच्या पोटात असायचं. आता नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा दिसतो, पोरं मोबाइलवर काढून आणतात आणि आपल्यासमोर धरतात. "वरचा ५०३ एक कोटी दहाला गेलाय, तुम्ही एक पस्तीस कसे मागता?" यावर "माझं किचन बघा" हे उत्तर चालत नाही.

नीटनेटकं घर लवकर जातं, हे शंभर टक्के खरं. पडीक दिसणाऱ्या घरावर गिऱ्हाईक पाच-सात लाख खाली मागतं, हेही खरं. म्हणून मी विकणाऱ्याला म्हणतो, खाली मागायचं कारण राहू देऊ नका. वर मागायला कारण तयार करण्याच्या नादाला लागू नका.

सुतारपक्षी

कट्टा भाऊंशी अर्धवट सहमत. मी इंटीरियरचीच कामं घेतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं स्वार्थाचं समजा. ऐरोली-ऐरोलीतच दोन सारखे फ्लॅट असतील, एकात किचन चकचकीत आणि दुसऱ्यात तेलाचे ओघळ, तर नवरा-बायको बघायला आले की बायकोचं मत किचनमध्येच ठरतं. तिथे दोन-चार लाखांचा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

पण साडेनऊचं कोटेशन विक्रीसाठी म्हणून नको. वॉर्डरोब तर अजिबात नको. ज्याला घ्यायचंय त्याच्याकडे त्याचं कपाट असतं, नाहीतर त्याला आवडीच्या रंगाचा लॅमिनेट हवा असतो. मी नव्या मालकासाठी काम घेतो तेव्हा पहिल्या दिवशी मजूर काय फोडतात? आधीच्या मालकाने हौसेने केलेलं फर्निचर.

खाडीपलीकडे

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. मागच्या वर्षी घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत इतकी घरं बघितली की शेवटी शेवटी नवरा लिफ्टमध्येच म्हणायचा, "फॉल्स सीलिंग असेल बघ."

मी काय बघायचे ते सांगते. घरात शिरल्यावर आधी वर बघायचं, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा हातभर भाग बघायचा, आणि कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर त्याच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारायचा. नवा वॉलपेपर एकाच भिंतीला असेल तर त्या भिंतीवर हात ठेवून बघायचा, गार लागते का. मग संध्याकाळी पाणी यायच्या वेळेला परत जायचं आणि नळ सोडून बघायचा. खाली उतरताना सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचायचा. थकबाकीदारांची यादी, गळतीच्या तक्रारी, टँकरचं बिल, सगळं तिथे फुकट वाचायला मिळतं.

एका घरात नुकताच रंग दिला होता, वास येत होता. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या घाईने काय झाकलंय?" त्या क्षणी ते घर आमच्यासाठी संपलं. कदाचित बिचाऱ्यांनी खरंच फक्त रंग दिला असेल.

तलावपाळी_संध्याकाळ

सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

ताळेबंद

मी सीए आहे. दोन मुद्दे. पहिला कुणी काढलाच नाही अजून: घेणाऱ्याच्या खिशाचा.

तुमचा फ्लॅट १ कोटी १५ लाखांना जातोय असं धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ८६ लाख २५ हजार. उरलेले २८ लाख ७५ हजार स्वतःचे. वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ५ हजार. फक्त बायकांच्या नावावर खरेदी असेल तर एक टक्का कमी. नोंदणीचे ३० हजार, एजंटचा एक टक्का धरा. झाले ३८ लाखांच्या वर, आणि हे सगळे रोख त्याच्या बचतीतून.

आता तुम्ही "इंटीरियरचे दहा वेगळे" म्हणालात. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, येतो तो मंजूर नकाशातलं क्षेत्र, इमारतीचं वय, मजला आणि आसपासचे व्यवहार बघून आकडा लिहितो. तुमच्या किचनला तो फार तर "वेल मेंटेन्ड" असा शेरा देतो. त्यामुळे व्हॅल्युएशनच्या वर जे मागाल त्यातला जवळजवळ प्रत्येक रुपया घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून काढायचा असतो, त्याला कर्ज नाही. अडतीसवर दहा म्हणजे अठ्ठेचाळीस. इथे सौदे फिसकटतात. लोकांना घर आवडत नाही म्हणून नव्हे.

काही जण फर्निचरचा वेगळा करार करतात, मुद्रांक शुल्क वाचवायला. त्या रकमेवरही गृहकर्ज मिळत नाही. आणि भिंतीत पक्कं बसवलेलं सामान "फर्निचर" म्हणून दाखवलं तर पुढे प्रश्न येऊ शकतो. नसती उठाठेव.

दुसरा मुद्दा कराचा, तो रात्री लिहिते. आत्ता रिटर्नची धावपळ आहे.

कोपरी_कट्टा

ताळेबंद ताईंनी लाख बोललात. मी हे रोज बघतो पण असं मांडता येत नाही मला.

उपवन_चक्कर

म्हणजे थोडक्यात, आपण आयुष्यभर पै-पै जोडून घर सजवायचं आणि व्हॅल्युअर "वेल मेंटेन्ड" लिहून चहा पिऊन जाणार.

सिमेंट_वाळू

स्थापत्य अभियंता. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो.

पैशाचं बाकीचे बघतील, मी फ्लोअरिंगबद्दल लिहितो, कारण कोटेशनमध्ये ते पहिलं आहे. जुनी फरशी न फोडता वर मसाला टाकून नवी टाइल बसवायची पद्धत सगळीकडे बोकाळली आहे. धूळ कमी, शेजारी ओरडत नाहीत, मजुरी वाचते. हिशेब करून बघा. दीड इंच मसाला आणि वर टाइल मिळून एका चौरस मीटरला साधारण १०० किलो. तुमच्या हॉल आणि बेडरूमचे मिळून ४०० चौरस फूट धरले, म्हणजे ३७ चौरस मीटर, तर साडेतीन टनांच्या वर बोजा कायमचा स्लॅबवर बसला. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. त्यातला निम्मा तुम्ही आधीच खाल्लात. आणि १९९८ च्या इमारतीत, खाडीच्या हवेत, आतल्या सळ्या आज कशा आहेत हे फोडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेला फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळून सहा माणसं गेली, ते आठवत असेल.

फरशी बदलायचीच असेल तर जुनी काढा, खालचा मसालाही काढा. ते नको असेल आणि जुनी फरशी पक्की बसलेली असेल तर टाइल अ‍ॅडहेसिव्हने पातळ टाइल लावा, वजन पावपट येतं. पण मग मुख्य दरवाज्यापासून सगळी दारं खालून रंधून घ्यावी लागतात, बाथरूमचा उंबरठा बुटका होतो आणि फिनाइलचं पाणी बेडरूमकडे धावतं. हे कुणी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

माझं विचाराल तर विकायच्या घरात फरशीला हातच लावू नका. जुन्या मोझेकला मशीन पॉलिश करून घ्या, चांगली निघते.

पामबीच_पायवाट

मोझेक नाही हो, त्या वेळच्या एक फुटी सिरॅमिक टाइल्स आहेत, बदामी रंगाच्या. दोन-तीन ठिकाणी पोकळ वाजतात.

सिमेंट_वाळू

मग पोकळ वाजणाऱ्या तेवढ्या काढून बसवा. तुमच्याच माळ्यावर जुन्या टाइल्सचा एखादा खोका असेल, त्या काळात लोक ठेवायचे.

बाथरूमबद्दल मात्र मत वेगळं आहे. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आहे का, आधी ते जाऊन बघा. असेल तर खर्च तिथेच करा आणि नीट करा. नुसत्या टाइल्सवर टाइल्स लावून गळती थांबत नाही. टाइल्स काढायच्या, सिमेंटचा जुना कोबा काढायचा, स्लॅबपर्यंत जायचं, न्हाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) भोवती आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात गोलाई द्यायची, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ४८ तास ठेवायचं. खालच्या घरात जाऊन स्वतः छत बघायचं, कंत्राटदाराला विचारायचं नाही. कोरडं राहिलं तरच पुढे टाइल. भिंतीतले जुने लोखंडी (जीआय) पाइप अजून असतील तर ते त्याच वेळी काढून प्लास्टिकचे सीपीव्हीसी टाका, गंजलेल्या पाइपात पाण्याचा दाब राहत नाही.

हे काम दिसत नाही, पण खालच्या मजल्यावरच्याने सोसायटीत दिलेला गळतीचा अर्ज तुमचा सौदा मोडायला पुरेसा असतो.

सेक्रेटरी_नाइलाजाने

नाइलाजाने सेक्रेटरी झालेला माणूस आहे, त्यामुळे बोलतो. वरच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. घेणारे आता थेट ऑफिसात येऊन विचारतात, "या फ्लॅटबद्दल काही तक्रार आहे का?" आणि आम्हाला खोटं बोलता येत नाही.

बाल्कनीचं उत्तर: एरियात धरली जात नाही. मंजूर नकाशात बाल्कनी आहे तर ती बाल्कनीच. करारात कार्पेट ५८५ लिहिलंय ना? मग ६३० सांगून जाहिरात दिलीत तर बँकेच्या व्हॅल्युएशनच्या दिवशी तोंडघशी पडाल. शिवाय ग्रील बाहेर डब्यासारखी काढली असेल तर महापालिकेच्या नोटिशीचा विषय होऊ शकतो. आमच्या सोसायटीत एकाने ट्रान्सफरच्या वेळेला घेणाऱ्याच्या वकिलाच्या हट्टामुळे डबा ग्रील कापून भिंतीच्या रेषेत आणली. वेल्डरने अर्ध्या दिवसात केलं, पण सौदा महिनाभर लटकला.

आणि कुठलंही तोडफोडीचं काम असेल तर आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. सोसायटीच्या नियमावलीत, म्हणजे उपविधीत, तशी अट आहे. हॉल-किचनमधली भिंत पाडून "ओपन किचन" करायची फॅशन आलीय, ती तर परवानगीशिवाय बिलकूल नको. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार असतो. एखादी सोसायटी "देणगी" म्हणून लाख मागत असेल तर पावती मागा, आवाज आपोआप बसतो.

मजला_तेरावा

पार्किंगचं कुणी बोलेल का? पायवाट काकांचं उघडं आहे. आमच्याकडे लोक उघडं पार्किंगसुद्धा तीन-चार लाखांना "विकतात".

सेक्रेटरी_नाइलाजाने

उघडं पार्किंग विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे, ती सोसायटीची सामाईक जागा. नवा सभासद आला की सोसायटी तिच्या नियमाने देईल. करारात त्याची किंमत लिहू नका.

सेक्टर_नऊ

एक वेगळाच कोन. इमारत १९९८ ची, म्हणजे २०२८ ला तीस वर्षं. आमच्या वाशीत सेक्टर नऊ-दहाच्या, सिडकोने बांधलेल्या जेएन टाइप इमारती धोकादायक ठरून पुनर्विकासाला निघाल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. घेणारा आता वय विचारतो ते घाबरून नव्हे, पुनर्विकास कधी हे ताडायला. पुनर्विकासात बिल्डर काय मोजतो? कागदावरचं कार्पेट. त्यावर वाढीव क्षेत्र किती, कॉर्पस म्हणजे सभासदाला मिळणारी रक्कम किती, भाडं किती. तुमचं मॉड्यूलर किचन बुलडोझरखाली जाणार हे घेणाऱ्याला आजच दिसतंय, तो त्याचे पैसे कशाला देईल?

माझ्या आतेभावाने नौपाड्यात जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला, आतून अक्षरशः कळाहीन. स्वयंपाकघरात सिंकच्या खाली वीट लावून पाइप टेकवलेला. पण सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालेलं आणि सभासदांत भांडण नाही. तेवढ्यावर त्याने आसपासच्या सजवलेल्या फ्लॅटपेक्षा जास्त दर दिला.

खाडीपलीकडे

हे मात्र सगळ्यांना लागू नाही बरं का. आम्हाला राहायला घर हवं होतं, पुनर्विकासाची वाट बघत भाड्याने फिरायला नको. आम्ही मुद्दाम जुन्या इमारती टाळल्या.

सेक्टर_नऊ

मान्य. गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं. पण नेरूळच्या १९९८ च्या इमारतीत येणारं बहुतेक दोन्ही मनात धरून येतं: दहा वर्षं राहू आणि मग बघू. त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागतं. आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि तिसाच्या वर दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. तुमच्या सोसायटीने केलंय का?

पामबीच_पायवाट

चार वर्षांपूर्वी झालंय. त्यानंतर बाहेरून प्लास्टर आणि रंगही झाला. अहवालाची प्रत माझ्याकडे नाही, सोसायटीत असेल.

कोपरी_कट्टा

काका, ती प्रत आजच काढून ठेवा. बाहेरून रंगवलेली इमारत आणि ऑडिटचा कागद, यावर मी तुमच्या साडेनऊ लाखांच्या किचनपेक्षा जास्त बोलू शकतो. आत लाख ओता, जिना आणि लिफ्टची केबिन पान खाऊन रंगवलेली असेल तर गिऱ्हाईक तिथेच मनात पाच कमी करतं.

कागदांची यादी मी देतो तोंडपाठ: मूळ करार आणि त्याच्या आधीची साखळी, शेअर सर्टिफिकेट, ओसी, सोसायटीची एनओसी, मालमत्ता कराची पावती, आणि नवी मुंबईत असाल तर सिडकोची ट्रान्सफर ऑर्डर. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे, हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागत आलंय. २००६ ला तुम्ही घेतला तेव्हा ते झालं होतं ना? काही लोकांनी तेव्हा नुसता करार केला आणि ट्रान्सफर तशीच राहिली. ती आता करायला निघालात तर रंग वाळेपर्यंत होणारी गोष्ट नाही ती.

पामबीच_पायवाट

सिडकोचं पत्र आहे. लॉकरमध्ये. त्या वेळी चकरा मारून मारून जीव गेला होता, म्हणून चांगलं लक्षात आहे.

घणसोली_गावदेवी

आमच्याकडे गावठाणातल्या "फिफ्टी-फिफ्टी" इमारतींत (जमीनमालक आणि बिल्डर फ्लॅट निम्मे-निम्मे वाटून घेतात त्या) उलटं चित्र. आतून असं काम की हॉटेल वाटावं, इटालियन मार्बल काय, झुंबर काय. ओसी नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. मग गिऱ्हाईक फक्त पूर्ण रोख देणारं, आणि असा माणूस भाव पाडूनच घेतो. झुंबर तसंच लटकत राहतं.

ताळेबंद

कराचं लिहायचं राहिलं होतं. जे लोक पूर्वी केलेल्या कामाची बिलं फेकून देतात त्यांनी विशेष वाचावं.

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त जवळ असेल तर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता. पण त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करायची मुभा आहे. दोन्हींत कमी येईल तेवढाच कर.

पायवाट काकांचं उदाहरण. खरेदी २००६-०७, निर्देशांक १२२. विक्री २०२५-२६ मध्ये झाली असं धरू, निर्देशांक ३७६. १८ लाखांचे झाले साधारण ५५ लाख ५० हजार. नफा ५९ लाख ५० हजार, त्याचे २० टक्के म्हणजे ११ लाख ९० हजार. निर्देशांक न लावता नफा ९७ लाख, साडेबारा टक्के म्हणजे १२ लाख १२ हजार. जवळपास सारखंच.

आता समजा त्यांनी २०१२-१३ मध्ये, निर्देशांक २०० असताना, तीन लाखांचं पक्कं काम केलं होतं आणि बिलं आहेत. त्या तीन लाखांचे आज ५ लाख ६४ हजार धरता येतात. २० टक्क्यांनी कर साधारण १ लाख १३ हजारांनी खाली येतो. काका, काही केलं होतं का?

पक्कं काम म्हणजे घराची मूळ किंमत वाढवणारं, टिकाऊ: नवं प्लंबिंग, वायरिंग, फ्लोअरिंग, बाथरूम. रंगरंगोटी, डागडुजी यात बसत नाही. सोफा, फ्रिज तर नाहीच. आणि पैसे बँकेतून गेलेले असले पाहिजेत असं समजूनच चाला. रोखीत दिलेल्या "साहेब, बिल हवं तर १८ टक्के जीएसटी पडेल" छापाच्या कामाचा पुरावा उभा राहत नाही.

मात्र पुण्यात दुसरं घर घेऊन संपूर्ण नफा त्यात गुंतवणार असाल, विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत, तर करच लागणार नाही आणि हा सगळा खटाटोप सोडून द्या. आपल्या सीएला कागद दाखवून मगच ठरवा.

पामबीच_पायवाट

२०१३ च्या जानेवारीत वायरिंग सगळं बदललं होतं आणि किचनचा ओटा. चेकने दिले होते. सौ. नी फाईल काढली, बिलं आहेत! चेहऱ्यावर जो भाव आहे तो मी इथे लिहीत नाही.

पुण्यात मुलाजवळ घेणार आहोत, पण लहान. त्यामुळे पूर्ण नफा गुंतणार नाही बहुतेक.

ताळेबंद

मग ती फाईल जपा. जानेवारी २०१३ म्हणजे २०१२-१३ च.

सुतारपक्षी

वायरिंग २०१३ चं असेल तर जाहिरातीत लिहा. जुन्या इमारतीत लोक एसीचा लोड, थ्री फेज मीटर, अर्थिंग विचारतात. तिन्ही खोल्यांत एसी पॉइंट आहेत, हे वाक्य फॉल्स सीलिंगपेक्षा भारी. फॉल्स सीलिंग जुन्या घरात तसंही नको. साडेनऊ फुटांची उंची असते, सहा-आठ इंच खाली आणलं की पंखा डोक्यावर येतो आणि खोली बसकी दिसते. वर खडीपलीकडे ताईंनी लिहिलंय तसं, घेणाऱ्याला वाटतं वर काहीतरी लपवलंय.

खाडीपलीकडे

खाडी हो, खडी नाही. खडी तुमच्या साइटवर.

सुतारपक्षी

हा हा, बोट घसरलं. बाय द वे, टू बीएचकेची भिंत पाडून मोठा वन बीएचके करणारेही भेटतात. दोन माणसंच राहतात म्हणून. राहायला मस्त, विकायला कपाळावर हात. साइटवर लोक "टू बीएचके" टिक करून शोधतात, तुमचं घर त्या यादीत दिसतच नाही.

उपवन_चक्कर

विरोधी पक्ष म्हणून एक नोंद. इथे सगळे विकण्याच्या हिशेबाने बोलताय, पण माणसाने राहत्या घरावर खर्च विकायच्या आदल्या वर्षी का करावा? जो ओटा काकूंना हवा होता तो २०१३ लाच क्वार्ट्झचा केला असता तर बारा वर्षं वापरला असता. आमच्या शेजाऱ्यांनी वीस वर्षं "पुढे विकायचंय" म्हणून खिळासुद्धा ठोकला नाही. घर अजून विकलेलं नाही, आणि कॅलेंडर दाराच्या कडीला लटकतंय.

तलावपाळी_संध्याकाळ

+१. कॅलेंडर दाराच्या कडीला म्हणजे आमचंच घर दिसतंय.

कोपरी_कट्टा

चक्कर राव बरोबर बोलताय, पण काकांचा प्रश्न आता विकायचाच आहे. माझा सल्ला आकड्यात: दीड-दोन लाखांच्या वर जाऊ नका. बाथरूमची गळती असेल तर ते वेगळं, तो खर्च करावाच लागेल. घर रिकामं करून दाखवता आलं तर फारच उत्तम, जुनी शोकेस आणि दिवाण काढला की हॉल मोठा दिसतो.

सिमेंट_वाळू

आणि रंग सगळ्यात शेवटी, पाणी भरून बघितल्यावर. ओल्या भिंतीवर रंग दिला तर पहिल्या पावसात पोपडे येतात. पांढऱ्याच्या जवळपासची कुठलीही छटा. एक भिंत जांभळी करू नका, हात जोडतो.

पामबीच_पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खाली दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलो. मास्टर बाथरूमच्या खाली त्यांच्या छताला हाताएवढा डाग आहे, कॉमन बाथरूमच्या खाली कोरडं. ते सज्जन आहेत, अर्ज दिला नव्हता इतकंच.

तेव्हा एक बाथरूम मुळापासून, पाइपसकट, बँकेतून पैसे देऊन आणि बिल घेऊन. पोकळ टाइल्स बदलणार, माळ्यावर खोका खरंच सापडला. रंग. किचनमध्ये ओटा तसाच, फक्त ट्रॉल्यांचे गंजलेले रनर आणि दरवाजे बदलायचे. फॉल्स सीलिंग, वॉर्डरोब, फ्लोअरिंग रद्द. कंत्राटदाराला सांगितलं तर म्हणाला, "एवढ्याशा कामाला माणूस पाठवणं परवडत नाही."

म्हणून नवीन प्रश्न: नेरूळ-सीवूड्स भागात फक्त बाथरूम वॉटरप्रूफिंगचं काम घेणारं, पाणी भरायच्या परीक्षेला तयार असणारं कुणी माहितीत आहे का? नाव-नंबर इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सिमेंट_वाळू

व्यनि केलाय. माझा माणूस नाही, पण त्याचं काम मी तपासलंय. अर्धे पैसे परीक्षा पास झाल्यावरच द्यायचे, हे कागदावर लिहून घ्या.

सेक्रेटरी_नाइलाजाने

आणि सोसायटीचा परवानगीचा अर्ज विसरू नका काका. राडारोडा गोण्यांत भरून त्याच दिवशी उचलायचा, लिफ्टमधून न्यायचा नाही, दुपारी दोन ते चार आवाज नको. प्रत्येक सोसायटीत एक जण असतोच घड्याळ लावून बसलेला. आमच्याकडे तो मीच आहे.